शालींखालचा पियानो

चौदावी शाल पडली आणि पियानो दिसेनासा झाला. नागपूरहून टेम्पोत घालून आणलेला तो भाड्याचा पियानो सौंसरच्या मंगल कार्यालयात टेबल म्हणून फार सोयीचा पडला होता. वर शाली, नारळ, संत्र्यांच्या तीन परड्या आणि पाहुण्यांची पाण्याची बाटली.

पाहुण्या होत्या नसरीन तबरीझी. जन्म इराणचा, नाव कमावलं अमेरिकेत. जगभर पियानो वाजवून आता त्या तिथल्या संगीतशाळेत शिकवत. इथे आल्या होत्या एकाच कामासाठी. जवळच्या रामाकोना गावच्या तृप्तीला त्यांनी चार वर्षं फोनवरून शिकवलं होतं, तेही कॅसिओच्या छोट्या कीबोर्डवर. आता खऱ्या पियानोवर तिला दहा मिनिटं ऐकायचं आणि आपल्या शाळेत घ्यायचं की नाही ते ठरवायचं. सहाला त्यांना विमानतळाकडे निघायचं होतं.

पण सौंसरात पाहुणा आला की आधी सत्कार. भाषण आवरतं घेता येतं, चहा राहून गेला तरी चालतो. सत्कार करणाऱ्यांतलं नाव मात्र गाळता येत नाही. ज्याचं गाळलं तो पुढे घरच्या लग्नालाही येत नाही. तृप्तीचे काका भूपेंद्रजी यांच्या यादीत एकवीस नावं होती. प्रत्येक जण बाईंची कारकीर्द नव्यानं सांगे. पाचव्या वक्त्यापर्यंत त्या तीन देशांत वाजवून आल्या होत्या, बाराव्यापर्यंत तीस. संत्रा बागायतदारांच्या अध्यक्षांनी तर त्यांना थोर सतारवादक म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं.

तृप्ती ताट धरून उभी होती. शाल-नारळाचं ताट धरायला घरचीच मुलगी पाहिजे, हे काकांचं मत.

“काका, साडेपाच झाले. मी कधी वाजवू?”

“थांब ना पोरी, सत्कार होऊन राहिला. पियानो काही पळून नाही चालला.”

पियानो नाही, पण बाई चालल्या होत्या. तृप्तीला रडू येत होतं, आणि ताट तर हलू द्यायचं नव्हतं.

बाईंनी तिला ओळखलंच नव्हतं. शिकवणीत तिचा फोन कायम पट्ट्यांवर रोखलेला असे; दिसत ते फक्त हात. एकविसावी शाल घेताना बाईंची नजर ताटाच्या कडेवर थांबली. डाव्या हाताची करंगळी वर उचललेली होती. चार वर्षं त्या त्याच करंगळीवर ओरडत आल्या होत्या.

भूपेंद्रजी आभारासाठी उठले. बाईंनी माईक आधीच घेतला होता.

“मलाही एक सत्कार करायचा आहे.”

हायस्कूलच्या गौतम सरांनी त्याचं मराठी केलं. सत्काराला नाही कोण म्हणणार? भूपेंद्रजी खाली बसले. बाईंनी पियानोवरचा सगळा पसारा स्वतः उतरवला. एक शाल तृप्तीच्या खांद्यांवर घातली, तिला स्टुलावर बसवलं आणि झाकण उघडलं.

तृप्ती वाजवू लागली. दहा मिनिटं सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. सत्कार चालू होता. करंगळी एकदाही वर आली नाही.

“सप्टेंबरात ये,” बाई तिला म्हणाल्या आणि डोळे पुसत गाडीत जाऊन बसल्या.

भूपेंद्रजींचेही डोळे भरून आले होते. त्यांनी माईक ओढला. “आपल्या तृप्तीची अमेरिकेसाठी निवड झाली. आता तिचा सत्कार करू.” खिशातून तीच यादी निघाली. उठलेली माणसं पुन्हा बसली.

सवयीनं तृप्ती ताट आणायला गेली.