शिवेचा दगड

"ही वाट हाय का बोळ?" उत्तमरावांनी विचारलं आणि रिमोट मांडीवर टाकला.

टीव्हीवर दोर आणि कंदील घेतलेला गडी दरीच्या डाव्या कडेला उभा होता. पलीकडे पिवळा पट्टा मारलेला खडक, त्याच्यापुढे पिवळा पट्टा मारलेली शिडी, आणि एवढ्यानं भागणार नाही म्हणून कोपऱ्यात लुकलुकणारा बाण. बाकी सगळीकडे जंगल. दिसायला हिरवंगार, आत शिरायला गेलं की कपाळमोक्ष.

नितीन सोफ्यावर वडिलांच्या, म्हणजे आबांच्या शेजारी बसला होता. पुण्याहून चार दिवसांची रजा टाकून तो सावेडीच्या या फ्लॅटवर आला होता, तो त्यांना हा व्हिडिओ गेम खेळताना बघायलाच. मालिकेच्या या नवव्या भागातलं जंगल त्याच्या कंपनीनं केलं होतं, आणि ही दरी खुद्द त्यानं.

पहिला भाग घरात आला तेव्हा नितीन पाचवीत होता, आणि त्याच्यापेक्षा तो आबांनीच जास्त खेळला. आबा जमीन मोजणी खात्यात. मोजणीला गेलं की आधी शिवेचा, गावच्या हद्दीचा दगड शोधायचा, शिवेनं सबंध गावाला फेरा मारायचा, आणि मगच आतल्या वावरांकडे बघायचं, ही त्यांची नोकरीभराची रीत. खेळातही तेच. डाव्या हाताची कड धरून पूर्ण फेरा, मग बाकीचं. शंभर पानी वहीत त्यांनी त्या खेळाचे नकाशे काढले होते, पायऱ्या मोजून. राजाचा खजिना सापडला त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. पाणवठ्यामागची चोरवाट सापडली त्या संध्याकाळी मात्र ते पेढे घेऊन आले.

पुढचे भाग येत गेले आणि वाटा अरुंद होत गेल्या. लोक चुकतात, कंटाळतात, खेळ सोडून देतात, असं कंपनीतली हुशार मंडळी आलेख दाखवून सांगायची. या मंडळींनी जन्मात कधी आडवाट तुडवली नसेल, याची नितीनला खात्री होती. त्यांच्यासमोर तो मान डोलवायचा, आणि त्याबद्दल त्याला स्वतःचीही किळस यायची. म्हणून त्यानं एक गोष्ट कुणाला न सांगता केली होती. सुरुवातीपासून डाव्या कडेनं गेलं, की सातव्या वळणावर धबधब्यामागं एक फट. आत लहानसं माळरान, बाभळीखाली शिवेचा दगड, दगडावर मोजणीची साखळी कोरलेली आणि तिच्याखाली 'उ'. लाखो लोक हा खेळ खेळणार होते. ती फट एकाच माणसासाठी होती.

तो माणूस आता सहाव्या वळणाशी डोकं आपटून थांबला होता.

"सहा ठिकाणी बघितलं. मोकळं दिसतंय, झाडं हायत, अन् पाय टाकला की भिंत. डोंगर हाय का नाटकाचा पडदा?"

"काही ठिकाणी तशी मर्यादा घालावी लागते, आबा."

"काही ठिकाणी? आरं, घोडेगावच्या बाजाराला म्हैस नेत्यात, ती बी वाटंनं दोन ठिकाणी तोंड घालती. ह्या गड्याला तेवढीबी मुभा न्हाई."

नितीन कसनुसं हसला. अजून एकच वळण, हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले. पण सांगितलं तर उरलं काय? पिवळ्या पट्ट्याच्या जागी पोरगा, एवढाच फरक. सापडलेली जागा वेगळी आणि दाखवलेली वेगळी, हे ज्यानं त्याला शिकवलं, त्यालाच बोट धरून न्यायचं?

"आबा, जरा आणखी..."

"आणखी काय?"

"नाही, म्हटलं आणखी चहा हवा का."

"नको."

उत्तमरावांनी रिमोट उचलला. आठ भागांत सोडली नव्हती ती शीव त्यांनी सोडली. गडी वळवला आणि पिवळ्या खडकाशी आणून उभा केला.

"तू केलंयस म्हून जातो. बाण दाखवंल तिकडं जातो. आमचं काय, हाकलंल तिकडं जानारं जनावर."

आणि ते खरोखरच तसे गेले. शिडी, पूल, भुयार, पुन्हा शिडी. दरवाजा दिसला की त्याला पाठ दाखवून आधी उरलेली खोली धुंडाळणारा हा माणूस, आता एकाही दरवाजाशी अडला नाही. नितीन शेजारी बसून बघत राहिला. पहिल्या भागाला आबांना अकरा महिने लागले होते. हा भाग नितीनची रजा संपायच्या आधीच, तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला संपला.

पडद्यावर खेळ बनवणाऱ्यांची नावं सरकू लागली. नितीन टीव्ही बंद करायला उठला.

"थांब," आबा म्हणाले.

त्यांनी सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला आणि ते टीव्हीला अगदी खेटून उभे राहिले, डावा हात पडद्याच्या कडेला टेकवून. परदेशी नावं जात होती, शेकड्यांनी. आबा एकही ओळ सोडत नव्हते. ताटं वाढून झाली, भाजी निवली, तरी ते हलले नाहीत. मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं, आणि ती वर सरकली तसं बोटही वर नेलं, ती दिसेनाशी होईपर्यंत.

"सापडलं," ते म्हणाले. "सबंद खेळात हुडकावं लागलं, ते एवढंच."