मुजावरचाचांचे कान

सूतगिरणीत यंत्राच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या मुजावरचाचांना वर्षभरापासून कमी ऐकू येत होतं. नोकरी जाईल, या धास्तीने त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

त्यातच नव्या इंजिनिअर केतकीने एका यंत्रावर पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर बसवला. यंत्राची थरथर बदलली की तो लाल दिवा लावणार होता. चाचांना वाटलं, संपलं आपलं काम.

सोमवारी दिवा लागला. चाचांनी यंत्र थांबवलं, एकेका बेअरिंगला हात लावून पाहिला आणि तापलेलं नेमकं शोधून बदललं.

मालक खूश झाले. “चाचा, कान अजून तिखट आहेत तुमचे!”

चाचांना राहवेना. “नाही मालक, कान गेलेत माझे. दिव्यानं सांगितलं.”

“दिव्याने फक्त बिघाड झाल्याचं सांगितलं,” केतकी म्हणाली. “कुठे झालाय, ते चाचांनी शोधलं.”

“मग उरलेल्या अकरा यंत्रांवरही कॉम्प्युटर बसवा,” मालक हसून म्हणाले. “चाचा तुमच्यासोबत राहतील. आणि एक छोटं यंत्र त्यांच्या कानालाही आणू.”

वर्षभरात पहिल्यांदाच चाचांनी न लाजता विचारलं, “काय? जरा मोठ्यानं बोला की!”