शकुनाची हिरवी बाटली

मिराबाईनं बाटलीचं बूच दातांत धरून ओढलं. ते सैलच होतं, लगेच निघालं. बाटली नाकाशी नेऊन तिनं तोंड वाकडं केलं.

"अगं, ही तर बडीशेप!"

"तशीच असती ती," दाराला पाठ लावून उभी असलेली तिची लेक पुजा म्हणाली. "दिपक बोलला व्हता फोनवर. अ‍ॅबसिंथ म्हनत्यात. फ्रान्सची हाय. बडीशेप, दवना, असलं काय काय टाकत्यात तिच्यात."

दारूचा भपकारा कसा येत नाही, याचं मिराबाईला जरा नवल वाटलं. पण साहेबलोकांची दारू साहेबांसारखीच असणार, पोटात गेल्याशिवाय गुण दाखवत नसेल. तिनं बाटली मोरीत उपडी केली. हिरवं पाणी बुडबुड करत वाहून गेलं.

बाहेर लिंबाखाली पाहुणे बसले होते. तांड्याची रीत अशी, की सोयरीक गोड होते गुळानं, पण पक्की होते दारूनं. मुलाकडच्यांनी शकुनाची बाटली आणून पोरीच्या आईच्या हातात द्यायची. नायकानं हाक मारली की तिनं ती बाहेर न्यायची, आणि दोघा व्याह्यांनी एकाच पेल्यातून घोट घ्यायचा. घोट नाही तर सोयरीक नाही.

मिराबाईचा नवरा गुलाबचंद होळीपासून थेंबाला शिवला नव्हता. दिवाळी तोंडावर आली होती. एवढ्या महिन्यांत घरात भांडं फुटलं नव्हतं, पुजाला शेजारी झोपायला जावं लागलं नव्हतं. "एकच घोट तर हाय," तो सकाळी म्हणाला होता, पण म्हणताना त्याचाच आवाज कापला होता. मिराबाई नवऱ्याला ओळखून होती. त्याचा एक घोट आजवर कधी एकटा आला नव्हता.

आणि सोयरीक मोडायची तिची छाती नव्हती. पुजाचा जीव दिपकवर जडला होता. गोव्याच्या हॉटेलात नोकरी करणारा, मान खाली घालून बोलणारा तो पोरगा मिराबाईलाही मनापासून आवडला होता.

"आये, त्यायला कळलं तर?" पुजानं विचारलं.

"कळलं तर माझ्यावर येईल. तू बडीशेप वाट."

कळायची भीती खोटी नव्हती. दिपकचा बाप रामप्रसाद याची जीभ कळमनुरीपर्यंत नावाजलेली. मोहाची दारू नुसती जिभेवर धरून ती कुणाच्या भट्टीची, हे तो सांगायचा. अशा माणसाला सरबत पाजायचं म्हणजे वाघाला गवत घालण्यासारखं होतं. मिराबाईनं बडीशेप फडक्यातून गाळली, साखर घातली, रंगाला पुदिना पिळला. घशाला काही तरी चावायला हवं म्हणून वरून आल्याचा रस घातला, सगळं बाटलीत भरलं आणि बूच लावलं.

"मिराबाई, आन गं बाटली!" थावरा नायकानं हाक दिली.

पदर सावरत तिनं बाटली मधे नेऊन ठेवली आणि दाराशी येऊन उभी राहिली.

दिपकनं पेला भरला. "पानी घातलं की पांढरी व्हती, दुधावानी," तो उत्साहानं म्हणाला. "मला सायबानं दाखवलं हाय."

त्यानं पाणी ओतलं. पेला हिरवा तो हिरवाच राहिला.

दिपकनं आणखी पाणी घातलं. थावरा नायक पुढं वाकला. "काहून पांढरी होऊन न्हाई राहिली?"

मिराबाईनं पुजाचा हात गच्च धरला.

रामप्रसादनं पेला उचलून उजेडात धरला. वास घेतला. एक घोट तोंडात घेऊन डोळे मिटले. सगळा तांडा त्याच्या तोंडाकडं बघत होता. त्यानं घोट या गालातून त्या गालात फिरवला, गिळला आणि दाराकडं एकवार पाहिलं.

"बोरचं पानी खारं असतंय, पोरा. त्यानं कशी व्हईल पांढरी?" तो म्हणाला. "माल अस्सल हाय. आधी बडीशेप लागती, मंग दवना, अन् शेवटाला घसा धरती. असली मी आजवर चाखली न्हाई."

त्यानं पेला गुलाबचंदपुढं केला. गुलाबचंदनं तो दोन्ही हातांनी धरला. त्यानं बायकोकडं पाहिलंच नाही. डोळे मिटून घोट घेतला, आणि मग हळूहळू डोळे उघडून पेल्यात बघत राहिला.

"कशी हाय, इवाई?" रामप्रसादनं विचारलं.

"तेज हाय," गुलाबचंद म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. "लई तेज हाय."

"मला बी द्या की जरा," थावरा नायकानं हात पुढं केला.

"ही दोघा इवायांनीच संपवायची, नाईक," म्हणत रामप्रसादनं बाटली काखेत मारली. "तुमच्यासाठी मोहाची आनलीय, शेजारच्या बाजेखाली हाय."

नायकाची काही तक्रार नव्हती. गूळ वाटला गेला, डफ वाजला, बायकांनी गाणी धरली. सोयरीक पक्की झाली. अख्ख्या मुलखाला फसवून बसलेली रामप्रसादची नावाजलेली जीभ आठवून मिराबाईला मनातल्या मनात हसू येत होतं, आणि त्या भल्या माणसाची कीवही येत होती.

दिवस कलला तसे पाहुणे जीपकडं निघाले. रामप्रसाद रिकामी बाटली परत द्यायला दाराशी आला. मिराबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं आवाज खाली आणला.

"कुनाला बोलू नका, इहीनबाई, पन आलं घालायचं मला सुचलं न्हवतं; माझ्या सरबतापरीस तुमचंच फक्कड झालतं."