व्हर्ननची तळपट्टी

“वेल्डिंग केलं नाहीस, मग हे टिकतं कसं?” मिसेस कोलबेकनी सापळा उलटा करून विचारलं.

“तळाला पोलादी पट्टी, तिच्यात कडी. चार बोल्ट, चार नट,” व्हर्नन म्हणाला. “नट आवळले की बोल्टची टोकं ऐरणीवर ठोकून चपटी करायची. मग नट जन्मात ढिला होत नाही.”

“पोरांचं खेळणं दिसतंय,” रॉली हॉगेन म्हणाला.

कोणी हसलं नाही. रॉलीनं कॉफीच्या कपात तोंड घातलं. त्याच्याकडे नवंकोरं वेल्डिंगचं यंत्र होतं, आणि तरीही गेल्या हिवाळ्यात त्याला लांडग्याच्या जातीचे सव्वीस कायोटी मिळाले, तर व्हर्ननला एकेचाळीस. तेव्हापासून हा माणूस त्याच्या डोळ्यांत खुपत होता. हातोडी न् पाना घेऊन बसणारा म्हातारा, आणि सगळा तालुका त्याचंच नाव घेतो!

मिसेस कोलबेकच्या मेंढ्या कायोटी फाडून खात होते. अमेरिकेतल्या डाकोटाच्या त्या भागात त्यांच्याएवढं कुरण दुसरं नव्हतं. यंदा त्यांनी दोघांनाही सापळे लावू दिले होते, पण पुढच्या वर्षीपासून एकालाच ठेवणार होत्या. रॉलीला ते कुरण हवं होतं. त्याहून जास्त, ते व्हर्ननला मिळायला नको होतं.

बाईंची अट एकच. “पायात लोखंड घेऊन पळालेलं जनावर मला दिसता कामा नये. ज्याचा सापळा तुटेल, त्यानं माझ्या फाटकात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही.” त्यांचा कुत्रा असाच कुणाचा तरी तुटका सापळा पायात घेऊन आठवडाभर फरफटत मेला होता.

कायद्यानं प्रत्येक सापळ्याला मालकाच्या नावाचा तांब्याचा बिल्ला लागतो. रॉली तो सापळ्यालगत, वरच्या कडीतच अडकवी. व्हर्नन साखळीच्या दुसऱ्या टोकाला, मेखेपाशी, हातभर मातीखाली. वर किणकिणला तर कायोटी सावध होतो, असं त्याचं म्हणणं. त्याचं सगळंच जगावेगळं, आणि मेलं लागूही पडायचं.

नोव्हेंबरात रॉलीला ताप आला. पाच दिवस त्यानं अंथरूण सोडलं नाही. मिसेस कोलबेकचा फोन आला, “पडून राहा. व्हर्नन तुझेही सापळे बघून येतोय.” आजारी माणसाचे सापळे दुसऱ्यानं बघायचे, ही या लोकांची रीतच. तरी रॉलीला ती बातमी औषधाहून कडू लागली.

शनिवारी तो उठला आणि थेट कुरणात गेला. उत्तरेच्या फाटकाजवळची जागा त्याची सगळ्यात लाडकी. तिथं सापळा नव्हता. नुसती गुरांच्या खुरांनी तुडवलेली माती. पण तीस पावलांवर, झुडपांच्या कडेला, कुणीतरी ताजा सापळा पुरला होता. त्यानं हलकेच माती सारली. चार स्प्रिंगा, दोघंही वापरत तसल्याच. खाली बोल्टची तळपट्टी. कडीपाशी बिल्ला नाही.

रॉलीच्या अंगाचा तिळपापड झाला. मी आजारी काय पडलो, यानं माझा सापळा उपटून आपला लावला! आणि भोवती कायोटीच्या पावलांचे ताजे ठसे.

संध्याकाळी व्हर्नन गरम सुपाचं पातेलं घेऊन दारात उभा.

“उत्तरेच्या फाटकाजवळच्या सापळ्याचं सांगायचं होतं तुला.”

“पाहिलाय मी.”

“मग हरकत नाही ना तुझी?”

“माझी कसली हरकत? झकास लावलायस.”

“सुटलो बाबा. म्हटलं, न विचारता केलं म्हणून रागावशील.”

“छे! रागावू कशाला?” रॉली म्हणाला आणि दार लावून घेतलं. सूप त्यानं मोरीत ओतलं.

रविवारी सगळे चर्चमध्ये होते. रॉलीनं खोकल्याची सबब सांगितली. उकळून वास घालवलेले हातमोजे चढवून त्यानं तो सापळा मातीतून उचलला, उलटा केला. बोल्टची चपटी टोकं कानशीनं घासली. चारही नट सैल करत करत शेवटच्या आट्यावर आणून ठेवले. साखळीला हातही लावला नाही. मग सगळं होतं तसं पुरून टाकलं. कित्येक महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मिसेस कोलबेकनी दोघांना बोलावून घेतलं. झुडपांपाशी जमीन गोल उकरलेली होती. मातीवर तळपट्टी पडली होती, चारही भोकं रिकामी. लोखंड ओढत नेल्याची खूण टेकडीकडे गेली होती.

व्हर्नन गुडघ्यावर बसला. “मी स्वतः चेपली होती ती टोकं,” तो पुटपुटला.

“मी पहिल्यापासून सांगत होतो,” रॉली म्हणाला. “नट-बोल्टचा भरवसा नाही.”

“आर्डिस,” व्हर्नन बाईंकडे वळला. “या खेपेला जाऊ दे. तळपट्टी मी बसवली, माझ्या हाताची चूक आहे. मी जाऊन शोधतो जनावराला.”

बाईंनी टेकडीकडे गेलेल्या खुणेकडे पाहिलं. त्या विरघळतायत की काय, या भीतीनं रॉलीला राहवेना.

“मिसेस कोलबेक, अट तुमचीच होती. ज्याचा सापळा, तो बाहेर. आज याला सोडलंत तर उद्या कुणीही येईल न् काहीही लावील.”

“रॉली, गप्प बस,” व्हर्नन म्हणाला. “देवाशपथ, गप्प बस.”

“का गप्प बसू? नियम सगळ्यांना सारखा.”

“बरोबर आहे तुझं,” बाई म्हणाल्या. “सारखाच.”

त्यांनी तळपट्टी उचलली आणि साखळी दोन्ही हातांनी ओढली. मेखेपाशी मातीनं माखलेला बिल्ला वर आला. बाईंनी तो अंगठ्यानं पुसला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोठ्यानं वाचला.

“रोलंड हॉगेन. टपालपेटी बेचाळीस.”