तिसरा पडदा

ओळखीचं एकही माणूस नसलेल्या त्या छोट्या शहरात तिने एकटीने, लेकीला घेऊन, नवं बिऱ्हाड थाटलं ते शिलाई मशीनच्या जिवावर. पहिल्या मजल्यावरची एकच खोली, तिला दोन खिडक्या. पण किल्ली आपल्या हातात! दोघींचा आनंद घरात मावत नव्हता.

लेकीची भुणभुण तेवढी एकच. "आई, मला वेगळी खोली कधी?"

"राणीसाहेब, आधी पडदे तरी लागू देत!"

आणलेल्या पिवळ्या कापडात जेमतेम दोन पडदे बसले. त्यांची खालची शिलाई लेकीने हट्टाने लाल दोऱ्याने घातली, तीही साप चालल्यासारखी. पडदे लागताच, आपलं घर बाहेरून कसं दिसतं ते बघायला दोघी रस्त्यावर धावल्या.

वर तीन खिडक्या होत्या. तिन्हींना पिवळे पडदे. तिसऱ्याच्या खालच्या काठालाही तीच लाल नागमोडी.

"आई, माझी खोली!" लेक टाळ्या पिटत जिन्याकडे सुटली.

"अगं थांब, कार्टे!" धापा टाकत ती वर पोचली. दार सताड उघडं. दोन खिडक्या, मशीन, भिंत. लेक कुठेच नाही.

"आई, इथून अख्खं शहर दिसतंय!" आवाज भिंतीपलीकडून आला.

तिने भिंतीवर दोन्ही हात थापले. पलीकडे शिलाई मशीन चालू झालं. तिचं मशीन तर तिच्या शेजारीच गप्प उभं होतं.

"अय्या," पलीकडे लेक खुदकन हसली, "तू माझ्याआधी कशी पोचलीस गं आई?"