खातरजमेचा फोन

पाचवं पत्र रविवारी सकाळी आलं. आठवड्याचा पहिला दिवस होता, आणि अम्मानच्या विद्यापीठातल्या भूशास्त्र विभागात रुदैनाने अजून चहालाही तोंड लावलं नव्हतं.

मजकूर आधीच्या चार पत्रांसारखाच होता. 'माझी बँक बदलली आहे. या महिन्यापासून माझं मानधन खालील खात्यात पाठवावं.' खाली नवा खातेक्रमांक, त्याखाली डॉ. हिक्मत नक्काश हे नाव. एकतिसाव्या नमुन्याचं काम झाल्याचा उल्लेखही बरोबर होता. रुदैनाने पत्र तीनदा वाचलं. आधीची चार तिने एकेकदाच वाचली होती.

विभागातून परदेशी बँकांत जाणारे सगळे पैसे तीच पाठवायची. अजरकच्या आटलेल्या तळ्यातला गाळ डब्यांत भरून, डब्यांवर स्वतः क्रमांक घालून तो स्वीडनला, माल्मोला धाडण्याचं कामही तिचंच. तिथे डॉ. हिक्मत घरातल्या टेबलावर सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले परागकण मोजत आणि कोणत्या काळी तळ्याकाठी कोणती झाडं होती ते कळवत. मूळचे बसऱ्याचे, वय अठ्ठ्याहत्तर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. हातात एवढंच एक काम उरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या विभागाने अशाच एका पत्राला भुलून पैसे भलत्याच्या खात्यात घातले होते. तेव्हापासून नियम आला. खातं बदलायचं पत्र आलं, की फायलीतल्या जुन्याच नंबरावर फोन करायचा, पत्र वाचून दाखवायचं, माणूस तोच आहे याची खातरजमा करायची आणि अहवाल लिहायचा. परक्याला ठाऊक नसेल असं काहीतरी विचारायचं. पत्र जोडल्याशिवाय परदेशी फोन मंजूर होत नसे.

काय विचारायचं, ते मात्र नियमात नव्हतं. ऑक्टोबरात पहिलं पत्र आलं तेव्हा तिने जन्मगाव विचारलं. नोव्हेंबरात विचारलं, बसऱ्याच्या घराच्या अंगणात झाड कोणतं होतं. कडू संत्र्याचं, असं उत्तर आलं आणि ते वीस मिनिटं चाललं. डिसेंबरात डॉक्टर म्हणाले, तुम्ही तरी खऱ्या कशावरून, मलाही विचारू द्या. त्यांनी तिचं नाव विचारलं. कॅनडात गेलेल्या गैथची आई म्हणून सगळं कार्यालय तिला उम्म गैथ म्हणायचं. स्वतःचं नाव सांगताना ती जरा अडखळलीच. जानेवारीत त्यांनी विचारलं, एकटीसाठी काय शिजवता?

"उरलेलं खाते," ती म्हणाली होती.

"उरायला आधी शिजवावं लागतं, रुदैना."

आज फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"डॉक्टर, पुन्हा पत्र आलंय. तुम्ही पाठवलंत?"

पलीकडून आधी खाकरल्याचा आवाज आला.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही खातरजमा करा. नियम आहे."

तिने केली. अहवाल लिहायला बसली तेव्हा चहा थंडगार झाला होता.

मंगळवारी वित्त कार्यालयाच्या प्रमुखाने, फव्वाजने, तिला बोलावलं. त्याच्यापुढे तिचे पाचही अहवाल होते.

"बस, उम्म गैथ. काय एकेक चौकशी! माझी बायकोसुद्धा माझ्या इतक्या खोलात शिरत नाही."

त्याने सांगितलं की ऑक्टोबरचं पत्र त्याच्याच कार्यालयाने पाठवलं होतं. दरवर्षी प्रत्येक विभागाला असं एक खोटं पत्र जातं, कारकून नियम पाळतात की नाही ते बघायला. सात विभाग नापास झाले होते. ती पास होती. रुदैना मान खाली घालून ऐकत राहिली.

"पण बाकीची चार आमची नाहीत," फव्वाज म्हणाला. "त्यांत नमुन्यांचे क्रमांक आहेत. ते आम्हाला माहीतच नसतात. कुणाला असतात?"

"मला. आणि डॉक्टरांना."

"झालं तर. एकोणीस वर्षं बघतोय तुला. कार्यालयाचं पेनसुद्धा घरी नेत नाहीस तू. म्हणजे म्हाताराच. एखाद्या महिन्यात तुझा फोन राहिला, की नव्या खात्यात पैसे घ्यायचे, मग मिळालेच नाहीत म्हणून दुसऱ्यांदा मागायचे. जुनी युक्ती आहे."

ती म्हणाली, त्यांना पैशाचा लोभ नाही. फव्वाज हसला. लोभ नसलेली माणसं त्याच्या टेबलापर्यंत पोचतच नाहीत, म्हणाला. डॉक्टरांचं काम थांबवल्याचं पत्र तयार होतं, फक्त सही व्हायची होती. संध्याकाळपर्यंत ते ईमेलने माल्मोला पोचणार होतं. उरलेला गाळ तो दुसऱ्या प्रयोगशाळेला देणार होता.

"आणि पत्रं दुसऱ्याच कुणी लिहिली असतील तर?"

"तर तसं लेखी आण. मी हे फाडून टाकतो."

रुदैनाने कोरा कागद मागून घेतला. पैसे पाठवायचा अर्ज भरावा तशी आधी तारीख घातली, मग एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं, 'नोव्हेंबर ते फेब्रुवारीची चारही पत्रं मी लिहिली. डॉक्टरांचा यात काही संबंध नाही.' खाली सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

फव्वाजने तो वाचला. चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"का, उम्म गैथ?"

तिने पेन त्याच्या टेबलावर ठेवलं. इतक्या वर्षांत तिच्या चेहऱ्यावर त्याने कधी न पाहिलेलं हसू होतं.

चारांतली तीन पत्रं खरोखरच तिने लिहिली होती. रविवारचं मात्र तिचं नव्हतं.