चपलांच्या कपाटातलं रोप

लेकीच्या विज्ञानाच्या प्रयोगात घेवड्याची दोन रोपं होती: एक खिडकीत, दुसरं चपलांच्या बंद कपाटात. आज अहवाल लिहायला बसली आणि रडकुंडीला आली. "आई, अंधारातलं रोप पिवळं पडायला हवं. माझं तर हिरवंगार. बाई म्हणतील, प्रयोगच केला नाही. सरळ 'पिवळे' लिहू का?" "खोटं नको लिहूस," मी म्हणाले आणि माझाच चेहरा पडला. "अगं, धाकट्याला झोपवलं की मी ते रोप जरा उन्हात ठेवायचे. बिचारं एकटंच अंधारात चपलांचा वास घेत बसायचं." ती बघतच राहिली. "असा कुठे प्रयोग असतो का गं?" "नसतो. पण राहवलं नाही मला." तिने डोळे पुसले, 'निरीक्षणा'समोर 'हिरवे' लिहिलं, पेन चावत थोडा विचार केला आणि 'त्रुटी'खाली सुबक अक्षरात एकच वाक्य लिहिलं: "अंधारातल्या रोपाला आई होती."